ग्राफमध्ये सायकल शोधताना या चुका टाळा

कोडला हात लावण्याआधी कागदावर तीन नोड (ग्राफमधले ठिपके) काढा: बर्डी, सदर, धरमपेठ. एकेरी बाण तीनच. बर्डीहून धरमपेठ, बर्डीहून सदर, सदरहून धरमपेठ. धरमपेठेतून बाहेर पडणारा बाण नाही, म्हणजे फिरून त्याच नोडवर परत येणं, म्हणजेच सायकल, शक्यच नाही. तरी प्रॅक्टिकलच्या वहीतून उतरवलेला कोड इथे हमखास ‘सायकल आहे’ म्हणतो.

दोष एकट्या व्हिजिटेड ॲरेचा, म्हणजे पाहिलेल्या नोडच्या यादीचा. डीएफएस (एक वाट शेवटपर्यंत जाऊन मग मागे फिरणारा शोध) धरमपेठ पाहून परततो, मग सदरवरून तेच धरमपेठ पुन्हा दिसतं आणि ‘पाहिलेलं आहे’ एवढ्यावर कोड निकाल देतो. नोड चालू वाटेवर आहे का, हे विचारायला हवं. तीन रंग ठेवा: न पाहिलेला पांढरा, वाटेवरचा करडा, सगळे शेजारी (त्याच्या बाणांनी गाठता येणारे नोड) संपले की काळा. बाण करड्या नोडवर गेला तरच सायकल.

घाईतले लोक रंगांचा कंटाळा करतात आणि परतताना व्हिजिटेडची खूणच पुसतात. उत्तर बरोबर येतं, पण एकच नोड प्रत्येक वाटेने नव्याने तपासला जातो. फुटून पुन्हा जुळणाऱ्या दोन वाटांचे 30 चौकोन साखळीत जोडा. नोड फक्त 91, शेवटच्या नोडकडे जाणाऱ्या वाटा मात्र 107 कोटींच्या वर. हा शॉर्टकट घेऊच नका.

रिकर्शनऐवजी (फंक्शनने स्वतःलाच बोलावण्याऐवजी) स्टॅक, म्हणजे शेवटी टाकलेलं आधी निघणारी यादी, वापरताना सगळ्यात फसवी चूक होते: शेजारी स्टॅकवर टाकतानाच करडा करणं. वरच्याच ग्राफमध्ये बर्डी काढताना धरमपेठ आणि सदर दोन्ही करडे होतात. सदर वर असल्याने आधी निघतं, त्याला धरमपेठ करडं दिसतं, आणि खोटी सायकल! बर्डीच्या यादीत सदर आधी लिहिलं तर मात्र उत्तर बरोबर येतं, त्यामुळे टेस्ट पास होऊन बग तसाच राहतो. स्टॅकवर नोडसोबत पुढच्या शेजाऱ्याचा क्रमांक ठेवा. आत शिरताना करडा, शेजारी संपल्यावरच काळा. टेस्टमध्ये शेजाऱ्यांचा क्रम उलटा करून पुन्हा चालवाच.

फक्त नोड 0 पासून सुरुवात करू नका. सुटे तुकडे राहून जातात. आतल्या कॉलने दिलेलं ‘ट्रू’ वर परत करायला विसरू नका. पायथॉनची रिकर्शन मर्यादा मुळात 1000 असते. लांब साखळीसाठी ती वाढवत बसण्यापेक्षा स्टॅक बरा.

दुहेरी एजच्या, म्हणजे दोन्ही दिशांनी जाता येणाऱ्या जोडण्यांच्या ग्राफमध्ये पॅरेंट (ज्या नोडवरून आलो तो) वगळताना नोड नव्हे, एजचा क्रमांक तपासा. नाहीतर बर्डी-सदरमधल्या दोन समांतर रस्त्यांची सायकल कोडला दिसणारच नाही.