गोठा आणि शेततळे पर्णकृमींपासून कसे राखावे

करवीर, पन्हाळा, राधानगरी या भागात ज्यांच्या दावणीला म्हशी आहेत आणि शेततळ्यात रोहू, कटला, मृगळही सोडलेले आहेत, त्यांनी गोठा आणि तळे या दोन वेगळ्या बाबी मानू नयेत. तळ्यात खत म्हणून ओले शेण टाकायचे, काठच्या शेवाळात गोगलगायी तशाच राहू द्यायच्या आणि बांधावरचे हिरवेगार गवत कापून म्हशीपुढे टाकायचे, या नेहमीच्या रीतीने यकृतातल्या पर्णकृमीला (पानासारख्या चपट्या यकृतकृमीला) हवी असलेली साखळी आपणच पूर्ण करून देतो.

ती साखळी अशी आहे. जनावराच्या शेणातून पडलेली कृमीची अंडी पाण्यात साधारण दोन आठवड्यांत उबतात आणि त्यातून निघालेल्या अळीला एका दिवसाच्या आत लिम्निया जातीची गोगलगाय सापडली नाही, तर ती मरते. सापडली, तर गोगलगायीच्या शरीरात काही आठवडे वाढून एका अळीच्या अनेक अळ्या होतात; त्या बाहेर पडतात आणि पाण्याच्या पातळीजवळच्या गवताला चिकटून स्वतःभोवती कवच करतात. हे गवत खाल्ले की पिल्लू कृमी आतड्याची भिंत भेदून यकृतात शिरतात, कित्येक आठवडे यकृत पोखरत फिरतात आणि शेवटी पित्तनलिकेत स्थिरावतात. आपल्याकडे आढळणारा फॅसिओला जायगँटिका पूर्ण वाढल्यावर 25 ते 75 मिलिमीटर लांब, चपटा, पानासारखा दिसतो.

पंचगंगा आणि भोगावतीचे पाणी ओसरल्यावर काठावर जे लुसलुशीत गवत फुटते, ते म्हणूनच सर्वांत धोक्याचे. रोगाची लक्षणे मात्र दोन-तीन महिन्यांनी दिसतात, तेव्हा ते गवत आठवणीतूनही गेलेले असते. म्हैस खाते, पण अंगी लागत नाही; दूध हळूहळू उतरते, केस राठ होतात, डोळ्याची आतली पापणी फिकट पडते. आमच्या एका म्हशीच्या जबड्याखाली सूज आली होती. बोटाने दाबल्यावर पडलेला खळगा बराच वेळ तसाच राहिला. तोवर तिला जंताचे औषध दोनदा देऊन झाले होते, परंतु ते आयव्हरमेक्टिन होते आणि पर्णकृमींवर त्याचा परिणाम होत नाही. ही चूक अनेक गोठ्यांत होते, म्हणून बाटलीवरचे घटकाचे नाव वाचल्याशिवाय औषध पाजू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

आधी शेण तपासून घ्यावे. नमुना जमिनीवरून न उचलता ताजा घ्यावा आणि तपासणी निवळण्याच्या पद्धतीने करावी अशी विनंती करावी, कारण ही अंडी जड असल्याने तळाशी बसतात आणि तरंगवण्याच्या पद्धतीत हुकतात. मिथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचा थेंब टाकल्यावर निळ्या पार्श्वभूमीवर यकृतकृमीची अंडी सोनेरी पिवळी उठून दिसतात. पोटातल्या अँफिस्टोम कृमीची अंडी रंगहीन असतात. मात्र कृमी अजून पिल्लू असतील तर शेणात अंडी सापडणारच नाहीत.

औषधाची निवड याच मुद्द्यावर ठरते. ट्रायक्लाबेंडाझोल पिल्लू आणि प्रौढ अशा दोन्ही यकृतकृमींवर चालते. ऑक्सिक्लोझानाइड आणि अल्बेंडाझोल प्रामुख्याने प्रौढांवर चालतात. जनावर गाभण आहे का, दुभते आहे का हे पशुवैद्यकांना सांगावे आणि दूध किती दिवस वापरायचे नाही हे विचारून घ्यावे. मात्रा वजनावर ठरते व कमी मात्रा दिल्यास कृमी औषधाला सरावतात. वजनकाटा नसेल तर छातीचा घेर आणि खांद्यापासून बैठकीच्या हाडापर्यंतची लांबी इंचांत मोजावी. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 660 केले की किलोग्रॅममध्ये अंदाज मिळतो. घेर 72 आणि लांबी 56 इंच असेल तर वजन सुमारे 440 किलो भरते.

औषधाने बरी झालेली म्हैस त्याच बांधाचे गवत खाऊ लागली की पुन्हा आजारी पडते. म्हणून पाण्यात बुडणारा गवताचा भाग कापू नये, वरचाच घ्यावा आणि शक्य असल्यास कडक उन्हात वाळवून घालावा. तळ्यात कच्चे शेण टाकण्याऐवजी ते उकिरड्यात नीट कुजवावे, कारण कुजताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने अंडी मरतात. काठचे शेवाळ आणि पाणवनस्पती काढत राहाव्यात. गोगलगायींसाठी मोरचूद मात्र तळ्यात टाकू नये; त्याने मासेही मरतात.

माशांवरचे कृमी वेगळे आहेत. कल्ल्यांवर राहणारा डॅक्टिलोगायरस आणि कातडीवरचा गायरोडॅक्टिलस यांना गोगलगाय लागतच नाही. ते माशावरून माशावर जातात, म्हणून दाटीने सोडलेल्या तळ्यात झपाट्याने पसरतात. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागले, अंग घासू लागले, कल्ले फिकट आणि चिकट दिसू लागले, तर संशय घ्यावा. बाहेरून आणलेली बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्ले) तळ्यात सोडण्यापूर्वी लिटरला 20 ग्रॅम या प्रमाणात खडेमीठ विरघळलेल्या पाण्यात काही मिनिटे ठेवावी आणि एखादी जरी कडेवर कलंडू लागली तर लगेच सर्व बाहेर काढावी. डॅक्टिलोगायरसच्या अंड्यांवर औषधांचा फारसा परिणाम होत नसल्याने आजारी तळ्यावरचा उपचार आठवड्याभराने पुन्हा करावा लागतो. कातडीवरचे काळे ठिपके मात्र गोगलगायीतूनच आलेल्या अळ्यांचे असतात आणि ते कृमी बगळा, खंड्या अशा मासेखाऊ पक्ष्यांच्या पोटात वाढतात. तिथे मिठाचा उपयोग होत नाही, काठ स्वच्छ करणे हाच उपाय. असा मासा पूर्ण शिजवून खाता येतो.