मिरचीच्या मर रोगावर मेटालॅक्सिल चालते का, हे कसे तपासावे

भिवापूर-उमरेड पट्ट्यातील भारी काळ्या जमिनीत पावसाची झड लागली की सरीत पाणी साचते, बुंधा जमिनीलगत काळपट पडतो आणि कालपर्यंत हिरवे असलेले मिरचीचे झाड मान टाकते. आळवणी करूनही मर थांबली नाही, तर आधी कोणते औषध दिले होते ते पाहावे. ही मर घडवणारी फायटॉप्थोरा कॅप्सिसी ही खरी बुरशी नसल्यामुळे कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक तिच्यावर मुळातच चालत नाही, आणि त्याला प्रतिकारक्षमता म्हणता येत नाही. मेटालॅक्सिल मात्र आरएनए तयार होण्याची एकच क्रिया रोखते, त्यामुळे तेच औषध वारंवार वापरल्यास त्याला न जुमानणारे फायटॉप्थोराचे वाण टिकतात आणि वाढतात.

तपासणीसाठी वाळलेले झाड उपयोगाचे नाही, कारण त्यात इतर बुरशी शिरलेल्या असतात. नुकतेच सुकू लागलेले झाड आळवणीपूर्वी उपटावे आणि बुंध्यावरील निरोगी व रोगट भागाच्या सीमेवरचे तुकडे घ्यावेत. ते 1 टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये मिनिटभर बुडवून, निर्जंतुक पाण्याने धुऊन, निवडक माध्यमावर, म्हणजे इतर बुरशी व जिवाणूंना रोखून फायटॉप्थोराला वाढू देणाऱ्या खाद्यावर, ठेवावेत. लिंबाच्या आकाराच्या बीजाणुधानी (बीजाणूंच्या पिशव्या) सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्यावरच पुढे जावे.

बाजारातील मेटालॅक्सिल-मॅन्कोझेब मिश्रण येथे वापरू नये, कारण मॅन्कोझेबही वाढ रोखते आणि निकाल फसवा येतो. शुद्ध मेटालॅक्सिल घेऊन एका लिटर माध्यमात 100 मिलिग्रॅम मिसळावे. दुसरे माध्यम औषधाविना ठेवावे. दोन्हींवर आधी वाढवलेल्या फायटॉप्थोराच्या वसाहतीच्या वाढत्या कडेचा 5 मिलिमीटरचा तुकडा ठेवून 25 अंश सेल्सिअसला अंधारात वाढवावे. औषधाविना वाढलेली वसाहत प्लेटच्या कडेला टेकण्यापूर्वी व्यास दोन दिशांनी मोजून सरासरी काढावी आणि त्यातून तुकड्याचे 5 मिलिमीटर वजा करावेत. हे वजा करायचे हमखास राहून जाते. औषधाविना 65 आणि औषधासह 50 मिलिमीटर भरले, तर 60 पैकी 45, म्हणजे 75 टक्के वाढ झाली. प्रचलित मोजपट्टीनुसार 30 टक्क्यांखाली संवेदनशील, 30 ते 90 मध्यम आणि त्यावर असंवेदनशील समजतात. एका झाडावरून शेताचा निकाल देऊ नये. वेगवेगळ्या सरींतील नमुने घ्यावेत.

फायटॉप्थोराचे असंवेदनशील वाण बरेच निघाल्यास त्या शेतात मेटालॅक्सिल थांबवावे. डायमेथोमॉर्फसारखे वेगळ्या गटाचे औषध, लेबलवर मिरचीसाठी शिफारस असेल तरच, आलटून-पालटून द्यावे. पोहणारे बीजाणू साचलेल्या पाण्यातूनच झाडाझाडाला पोचतात, म्हणून लागवड गादीवाफ्यावर करावी आणि चर शेताच्या उताराकडे काढावा.