केबलच्या जड रिळाला चाकं लावा

मांडवाच्या लायटिंगला मी अडीच स्क्वेअर एमएमची तीन कोअर (आत तीन तारांची) केबल वापरतो. 50 मीटरचं रीळ उचलताना पोरांच्या कमरा भरून येतात, ते बघवत नाही.

18 एमएम प्लायच्या फळीला मागे 6 इंची रबरी चाकं लावा. ट्रॉली बॅगेची चाकं चिखलात रुततात. पुढे चाकं नकोत, लाकडी ठोकळे ठोका, म्हणजे रीळ उतारावर घरंगळत नाही. रिळाचा स्टँड यू-क्लॅम्पने (यू आकाराच्या पकडीने) फळीला आवळा, शक्यतो चाकांच्या वरच, म्हणजे हलवायला फळी कलवताना हातावर भार येत नाही. ड्रमला भोक मात्र पाडू नका, आतली केबल सोलते. धरायला कमरेएवढी जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपची दांडी पुरे.

हलवण्याआधी प्लग काढा. हॅलोजनसारखा मोठा लोड असेल तर केबल पूर्ण उलगडा. गुंडाळलेली तापून वितळते.