तान्ह्या बाळाचे पोट उडू लागले तर: आरएसव्ही संसर्गात काय पाहावे, काय टाळावे

शाळेत जाणाऱ्या भावंडाला सर्दी होते आणि चार-पाच दिवसांनी पाळण्यातले बाळ खोकू लागते, हा क्रम बहुतेक घरांना ठाऊक आहे. आरएसव्ही (रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस) हा श्वसनमार्गाचा विषाणू अशाच मार्गाने घरात शिरतो. मोठ्यांमध्ये तो सहसा नाक-घशापुरता राहतो. तान्ह्या बाळात मात्र फुफ्फुसांतील सर्वांत बारीक श्वासनलिकांपर्यंत उतरून तेथे सूज आणि चिकट स्राव निर्माण करतो.

म्हणून तापापेक्षा श्वासाकडे लक्ष द्यावे. बाळ शांत असताना, म्हणजे रडत किंवा दूध पीत नसताना, झबले वर करावे आणि घड्याळ समोर ठेवून पोटाची वर-खाली होणारी हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी. तान्ह्या बाळाचा श्वास मुळातच अनियमित असल्यामुळे अर्धा मिनिट मोजून दुप्पट करणे फसवे ठरते. दोन महिन्यांखालील बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास असतील, तर डॉक्टरांकडे न्यावे. श्वास घेताना फासळ्यांखालचा भाग आत ओढला जाणे, कण्हणे, ओठ निळसर पडणे, दूध निम्म्यावर येणे किंवा सहा-आठ तास लघवी न होणे, यांपैकी काहीही दिसल्यास थेट रुग्णालय गाठावे. अगदी लहान बाळात कधी कधी खोकल्याआधीच श्वास मध्येच थांबतो; तेव्हाही क्षणभर थांबू नये. हा आजार साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वाधिक वाढतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ‘ठीक आहे’ म्हटले तरी पुढचे तीन दिवस मोजणी चालू ठेवावी.

घरी करण्यासारखे उपाय साधेच आहेत. दूध पाजण्यापूर्वी दोन्ही नाकपुड्यांत सलाइनचे थेंब घालून थोड्या वेळाने नाक पुसावे आणि अंगावरचे दूध थोडे थोडे पण वारंवार पाजावे. रुग्णालयातही मुख्य उपचार प्राणवायू, द्रव आणि नाकाची सफाई हेच असतात. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत. सर्दी-खोकल्याच्या ज्या औषधांत क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असतात, ती चार वर्षांखालील मुलांना देऊ नयेत असे भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये बजावले आहे. ओवा-वावडिंगाची धुरी प्रेमाने दिली जाते, पण सुजलेल्या श्वासनलिकांना धूर हा त्रासच आहे. नाकात तेल, वर्षाखालील बाळाला मध आणि पोटावर चटके, हे तर कटाक्षाने टाळावे.

प्रतिबंधाबाबत १९८१ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकी बालरोगतज्ज्ञ कॅरोलिन हॉल यांचा अभ्यास आजही उपयोगी पडतो. आजारी बाळांना कडेवर घेणाऱ्या सात स्वयंसेवकांपैकी पाच जणांना संसर्ग झाला; बाळ नसताना त्याच्या भोवतीच्या वस्तूंना हात लावून मग नाक-डोळ्यांना स्पर्श करणाऱ्या दहांपैकी चौघांना झाला; नुसते दूर बसलेल्या चौदांपैकी एकालाही नाही. तात्पर्य, बाळाला घेण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत, सर्दी झालेल्या पाहुण्याने बाळाचा मुका घेऊ नये आणि खेळणी व पाळण्याच्या दांड्या पुसाव्यात.

लसीला इतका उशीर का लागला, हा प्रश्न रास्त आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत निष्क्रिय केलेल्या विषाणूची लस दिलेल्या बाळांना पुढे संसर्ग झाला तेव्हा आजार उलट बळावला आणि दोन बाळे दगावली. त्यानंतर संशोधक दीर्घकाळ हात राखून होते. विषाणू ज्याच्या साहाय्याने पेशीत शिरतो त्या एफ प्रथिनाचा पेशीशी जुळण्यापूर्वीचा आकार कसा असतो हे २०१३ मध्ये उलगडले आणि त्याच आकारावर बेतलेल्या लसी २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झाल्या. त्यांपैकी एक लस तेथे गर्भवतीला ३२ ते ३६ आठवड्यांदरम्यान देतात, म्हणजे प्रतिपिंडे (विषाणूशी लढणारी प्रथिने, अँटिबॉडी) वारेतून बाळापर्यंत पोहोचतात. दुसरा मार्ग निरसेविमॅब या तयार प्रतिपिंडाचा. बाळाचे वजन पाच किलोपेक्षा कमी असेल तर ५० मिलिग्रॅम, अन्यथा १०० मिलिग्रॅम, असे एकच इंजेक्शन बाळाच्या पहिल्या आरएसव्ही हंगामासाठी पुरते. एकाच बाळासाठी सहसा दोन्हींची गरज नसते. अपुऱ्या दिवसांचे बाळ किंवा जन्मजात हृदयविकार असेल, तर प्रसूतीनंतर घरी जाण्यापूर्वीच बालरोगतज्ज्ञांकडे हा विषय काढावा आणि आईने गरोदरपणी लस घेतली असल्यास तिची तारीख त्यांना दाखवावी.