एचआयव्ही असलेल्यांच्या अंगावर उठलेले पित्त कसे ओळखावे

नागपूरच्या मे महिन्यात अंगावर काहीही उठले की ते घामोळे किंवा पित्त समजून आमसुलाचे पाणी लावले जाते. परंतु एड्समुळे ज्यांची प्रतिकारशक्ती खालावली आहे, त्यांच्या बाबतीत हा अंदाज चुकला तर औषधाची गंभीर रिअ‍ॅक्शन ओळखायचीच राहून जाते.

पित्ताची एकेक गांधी साधारणपणे २४ तासांच्या आत डाग न ठेवता विरते आणि दुसरी भलतीकडेच उठते. म्हणून एका गांधीभोवती बॉलपेनने गोल आखावा, वेळ लिहून ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहावे. गोल रिकामा असून पाठीवर किंवा मांडीवर नव्या गांधी आल्या असतील, तर ते बहुधा पित्तच असते. गांधी तिथेच असेल, खाजेपेक्षा आग जास्त होत असेल किंवा मागे काळसर डाग राहत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही. त्यामुळे लावलेला गेरू आधी धुऊन टाकावा, खिडकीच्या तिरप्या उजेडात पाहावे आणि बोटांनी उंचवटा चाचपावा.

सीडी४ पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, ज्या एचआयव्ही नष्ट करतो) फार कमी झाल्या की हातापायांवर खाजरे, टणक पुरळ येते. ते आठवडेच्या आठवडे हटत नाही. रात्री बोटांच्या बेचक्यांत खाज सुटून घरातले इतरही खाजवू लागले असतील तर ती खरूज, आणि एकाच बाजूला पट्ट्याने पाणीदार, दुखरे फोड आले तर ती नागीण समजावी.

गेल्या महिनाभरात सुरू झालेल्या प्रत्येक गोळीचे नाव व तारीख लिहून काढावी. को-ट्रायमॉक्साझोल या जंतुसंसर्गावरील औषधाचे पुरळ बहुधा दुसऱ्या आठवड्यात येते, आणि एचआयव्ही असलेल्यांत ते इतरांपेक्षा अधिक आढळते. अबॅकॅव्हिर हे एचआयव्हीवरचे औषध चालू असताना पुरळासोबत ताप किंवा उलट्या झाल्या, तर पुढची गोळी घेण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. हे औषध त्या कारणाने एकदा बंद झाले की पुन्हा कधीही घ्यायचे नसते. मात्र एआरटीच्या (एचआयव्हीविरोधी उपचाराच्या) गोळ्या आपल्या मनाने सोडू नयेत. त्याच दिवशी नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या (मेडिकलच्या) किंवा आपल्या एआरटी केंद्रात जाऊन ती यादी दाखवावी. दुकानातून स्टेरॉइडचे इंजेक्शन वा मलम परस्पर घेऊ नये, कारण रिटोनाव्हिरसारख्या एचआयव्हीवरच्या औषधासोबत त्याचा परिणाम कितीतरी वाढतो.

ओठ, जीभ सुजली, श्वास लागला किंवा भोवळ आली, तर तत्काळ १०८ ला फोन करावा. तोंडात फोड आले, डोळे लाल झाले किंवा कातडी सोलू लागली, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे.