जुनी कन्व्हर्टिबल मसल कार ड्रॅग रेसिंगला नेताय? या चुका टाळा

माझी गाडी १९६८ ची शेव्हर्ले कॅमॅरो कन्व्हर्टिबल, ३५० घन इंचाचं इंजिन, टर्बो ३५० ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. न्यू जर्सीत राहतो. एडिसनहून जवळचा इंग्लिशटाऊनचा ट्रॅक ड्रॅग रेसिंगसाठी जानेवारी २०१८ मध्ये बंद झाला, अ‍ॅटको २०२३ मध्ये गेला, आता ग्रेट मेडोजचा आयलंड ड्रॅगवे नाहीतर पेनसिल्व्हेनियातलं मेपल ग्रोव्ह. म्हणजे गाडी ट्रेलरवर चढवून लांब जायचं आणि तिथे टेक इन्स्पेक्शनला, म्हणजे रेसआधीच्या गाडीच्या तपासणीतच, परत पाठवलं तर अख्खा दिवस फुकट, म्हणून हे सगळं घरीच नीट करून निघा, आणि ट्रॅक लांब पडतो म्हणून हायवेवर रेस तर अजिबात नको.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे इंजिनापासून सुरुवात करणं. गाडी घेतली की सगळ्यांचा हात आधी कार्ब्युरेटर, कॅम, हेड्स यांच्याकडेच जातो. पण पहिल्या पिढीच्या कॅमॅरोला पूर्ण चेसिस नाहीये, पुढे एक सबफ्रेम बोल्टने लावलेली आणि मागची सगळी बॉडी नुसत्या पत्र्याची, त्यात कन्व्हर्टिबलला टपही नाही. काड्यापेटीचं बाहेरचं खोकं काढून आतला ट्रे हातात धरून पिळून बघा, तेच तुमच्या गाडीचं स्टार्ट लाइनवरून सुटताना होतं. कंपनीलाही हे माहीत होतं, १९६७ ते ६९ च्या कन्व्हर्टिबलला चारही कोपऱ्यांत प्रत्येकी साधारण २५ पौंडांचे लोखंडी डबे यायचे, आत स्प्रिंगवर वजन आणि तेल, बॉडीची थरथर मारायला. अमेरिकेत त्यांना कॉकटेल शेकर म्हणतात. १०० पौंड वाचतील म्हणून लोक हे डबे पहिल्याच दिवशी काढून टाकतात आणि मग काच का थरथरते, आरशात मागचं काही का दिसत नाही म्हणून विचारत बसतात. आधी बॉडी कडक करा, डबे काढायचं मग बघू.

कडक करायची म्हणजे सबफ्रेम कनेक्टर, पुढची सबफ्रेम आणि मागचं फ्रेम रेल जोडणारे पाइप. हे करायच्या आधी सबफ्रेम आणि बॉडीमधले जुने रबरी बुश बदलून घ्या, नाहीतर कुजलेल्या रबरावर बसलेली वाकडी सबफ्रेम तशीच कायमची वेल्ड होईल. आणि कृपा करून हे वेल्डिंग दोन खांबांच्या लिफ्टवर करू देऊ नका. माझ्या गाडीचं एका दुकानात तसंच झालं. गाडी मधून उचललेली, पुढचं-मागचं वजन खाली लोंबतंय, त्याच अवस्थेत कनेक्टर वेल्ड केले. खाली उतरवली आणि उजवं दार लावायला गेलो तर लॉक खाचेच्या वर आदळतंय, वरच्या फटीत करंगळी आरामात जातेय आणि खालच्या फटीत पोस्टकार्ड जाईना. बिजागऱ्या ढिल्या करून दोन शनिवार घालवले, काही उपयोग नाही, शेवटी ग्राइंडरने वेल्ड कापले, गाडी चाकांवर उभी करून दोन्ही दारं नीट बसेपर्यंत जॅकने बॉडी थोडी थोडी उचलली, आणि मग परत वेल्ड केलं. तेव्हा नियम एकच, वजन चाकांवर, दारं बंद, चारही बाजूंच्या फटी मोजून कागदावर लिहिलेल्या, दर दोन-तीन इंच वेल्डनंतर परत मोजायचं.

दुसरी चूक रोल बारची, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या पाइपच्या कमानीची. एनएचआरएच्या (अमेरिकेतली ड्रॅग रेसिंगची संघटना) नियमात टप असलेल्या जुन्या गाडीला रोल बार क्वार्टर माइलला ११.४९ सेकंदांपासून लागतो, कन्व्हर्टिबलला १३.४९ पासूनच! पूर्ण दोन सेकंदांचा फरक आहे आणि साधी चारशे हॉर्सपॉवरची, जरा बरे टायर लावलेली गाडी क्वार्टर माइल त्याच्या आत सहज जाते. १०.९९ च्या आत गेलात की पूर्ण केज, म्हणजे चहूबाजूंनी पाइपचा पिंजरा. पहिल्या रनला १२.८ मारून खूश व्हायचं आणि लगेच आज परत पळवायची नाही म्हणून ऐकायचं, असं होऊ देऊ नका. चालू वर्षाचं रूलबुक आणा आणि ट्रॅकला फोन करून विचारा, हेल्मेट, बेल्ट, हात बांधायचे पट्टे यांचंही सगळं त्यात असतं. बार माइल्ड स्टीलचा असेल तर पाइप पावणेदोन इंची आणि जाडी किमान ०.११८ इंच लागते, आणि मेन हूप (सीटमागची मुख्य कमान) हेल्मेटच्या किमान ३ इंच वर हवा. इथेच लोक फसतात, कारण सॉफ्ट टॉप खाली घडी व्हावा म्हणून हूप बुटका करतात. तुमची खरी सीट बसवा, हेल्मेट घालून बसा, दुसऱ्याला मोजायला सांगा, मगच पाइप कापा. आणि रस्त्यावर विना हेल्मेट चालवणार असाल तर डोक्याजवळच्या पाइपला पॅडिंग हवंच, मागून साधी धडक बसली तरी उघड्या पाइपवर डोकं फुटतं.

आता सुटताना मागची चाकं धडधड उड्या मारतात ते. १९६७ च्या कॅमॅरोला मागे एकच पाटा आणि दोन्ही शॉकअॅब्सॉर्बर एक्सलच्या हौसिंगच्या पुढे, त्यामुळे पाटा इंग्रजी एस सारखा पिळवटतो आणि चाकं उडतात. १९६८ ला कंपनीने एक शॉक पुढे एक मागे केला, जोरदार इंजिनांना जास्त पाट्यांचा संच दिला, तरी चिकट टायर लावले की त्रास होतोच. यावर उपाय ट्रॅक्शन बार, पाट्याला पिळू न देणारे दांडे. ही धडधड चालू असताना पाय दाबून ठेवू नका, लगेच सोडा, क्रॉस (ड्राइव्हशाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट) आणि एक्सल असेच तुटतात. ड्राइव्हशाफ्ट लूप, म्हणजे शाफ्टभोवतीचं लोखंडी कडं, तर नियमाने तुम्हाला सक्तीचा नसला तरी लावा, पुढच्या क्रॉसपासून ६ इंचांच्या आत, कारण तो क्रॉस तुटला की शाफ्ट जमिनीत रुतून गाडी उचलतो आणि तुमच्या डोक्यावर टप नाहीये.

इंजिन. नवीन फ्लॅट टॅपेट कॅम टाकलाय आणि पहिल्यांदा स्टार्ट करताय तर आयडलवर घुटमळत ठेवू नका, लगेच २००० च्या वर न्या आणि २० मिनिटं आरपीएम वर-खाली करत राहा, तेल झिंक असलेलं. टायमिंग आणि कार्ब्युरेटर आधीच बरोबर पाहिजे, नाहीतर दहा वेळा क्रँक करण्यातच कॅमचे लोब घासून जातात. टायमिंग एकूण ३४ ते ३६ डिग्री ठेवतात बहुतेक जण, पण क्रँकच्या टोकाला ज्यावर टायमिंगची खूण असते त्या जुन्या बॅलन्सरची बाहेरची रिंग रबरावर सरकलेली असते, खूण दाखवते ३४ आणि खरं असतं ४०, मग इंजिन ठोकतं आणि दोष पेट्रोलला. पिस्टन स्टॉप लावून खरा टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) एकदा तपासाच. वरच्या आरपीएमला मिसिंग येत असेल तर ५ आणि ७ नंबरच्या प्लगच्या वायरी बघा, शेव्हीचा फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२, म्हणजे हे दोन शेजारी लागोपाठ पेटतात, वायरी चिकटून ठेवल्या तर पाचाचा स्पार्क साताला जातो.

गाडी सुटते मस्त पण तिसऱ्या गिअरला कोणीतरी मागून ओढल्यासारखी होते? बहुतेक लोक कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी भोकं) मोठे करतात. आधी फ्युएल प्रेशर गेज ड्रायव्हरला दिसेल असं बाहेर, काचेसमोर बसवा आणि रनमध्ये बघा. लाइनवर ६ पीएसआय असून शेवटी २-३ वर येत असेल तर कार्ब्युरेटरमधला पेट्रोलचा साठा, फ्लोट बोल, रिकामा होतोय, जेटचा संबंध नाही. माझ्या गाडीत टाकीजवळचा वीतभर रबरी नळीचा तुकडा आतून सोलपटून बंद व्हायचा, बाहेरून एकदम नवीन दिसायचा. इथल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं, जुनं रबर त्याला टिकत नाही, भारतात ई२० वर जुन्या गाड्या चालवणाऱ्यांनीही नळ्या आधी बदला.

ट्रॅकवर गेल्यावर, नक्षी असलेले टायर असतील तर वॉटर बॉक्समधून (टायर फिरवून तापवायला पाणी टाकलेली जागा) जायचं नाही, वळसा घालून पुढे जा, हलकं फिरवून साफ करा, बस. पाण्यातून गेलात तर खाचांतलं पाणी लाइनपर्यंत ठिबकत येतं, आणि मागून येणाऱ्याचंही नुकसान. ड्रॅग रेडिअलची (ड्रॅगसाठीचे चिकट टायर) हवा १८ पीएसआयच्या आसपास चालू करा आणि एकेक पौंड हलवून ६० फुटांचा टाइम बघा, कारण तिथला एक दशांश शेवटी दीड-दोन दशांश होऊन मिळतो. रिअॅक्शन टाइम आणि ईटी (सुटल्यापासून शेवटच्या रेषेपर्यंतचा वेळ) वेगळे, हिरवा लागल्यावर झोपलात तरी ईटी तेवढाच येतो, घड्याळ चाक हलल्यावर चालू होतं. म्हणून सुरुवातीला लाइटशी भांडू नका. एका रनमध्ये एकच गोष्ट बदला, हवा, टायमिंग, जेट तिन्ही एकदम बदलून टाइम सुधारला तर कशाने सुधारला ते कधीच कळणार नाही. ट्रॅकवर मिळणाऱ्या टाइम स्लिपच्या (वेळेच्या चिठ्ठीच्या) मागेच लिहा, तापमान, हवा, काय बदललं ते.

आणि दर तीन-चार रननंतर, इंजिन गार होतंय तेवढ्या वेळात, पाट्यांचे यू-बोल्ट आणि रोल बारचे वेल्ड टॉर्च मारून बघा, मग दोन्ही दारं उघडून लावा. मी दाराच्या फटीवर मास्किंग टेप लावून पेनाने सरळ रेघ मारून ठेवतो, रेघ जुळत नसेल तर त्या दिवशी गाडी परत ट्रेलरवर.