गावाची सरासरी मोडून पाड्यापाड्याचे आरोग्य कसे तपासावे

एखाद्या ग्रामपंचायतीत दहा पाडे असतील आणि तिथली नव्वद टक्के बाळंतपणे दवाखान्यात होत असतील, तर उरलेली दहा टक्के दहाही पाड्यांत सारखी विखुरलेली असण्याची शक्यता फार कमी असते. ती बहुधा ओढ्यापलीकडच्या एकदोन पाड्यांत साचलेली असतात. उपकेंद्राचा मासिक अहवाल मात्र सगळ्यांची बेरीज होऊनच वर जातो, आणि तालुक्याच्या आढावा बैठकीत ते गाव ‘चांगले’ ठरते. म्हणून आरोग्यातील विषमता कमी करू पाहणाऱ्या ग्रामसभेने सर्वांत आधी ही बेरीज मोडावी. पुढील पद्धत मुख्यतः पालघर, नंदुरबार, गडचिरोलीसारख्या आदिवासी भागांसाठी सांगितली असली, तरी वाड्यावस्त्या आणि तांडे असलेल्या कोणत्याही गावाला ती थोड्या फरकाने वापरता येईल.

यासाठी नवे सर्वेक्षण लगेच हाती घेऊ नये, कारण हवी असलेली बरीचशी माहिती गावातच लिहिलेली असते. आशाताईंकडे नवजात बाळाच्या गृहभेटींची नोंद असते (दवाखान्यातील बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, घरी बाळंतपण झाल्यास पहिल्या दिवशीही). अंगणवाडीत वजन-उंचीच्या नोंदी असतात, आरोग्य सेविकेकडे गरोदर मातांचे रजिस्टर आणि ग्रामपंचायतीत जन्म-मृत्यूची नोंदवही. अडचण एवढीच, की पत्त्याच्या रकान्यात अनेकदा नुसते गावाचे नाव असते. त्यामुळे आशाताई, अंगणवाडी सेविका आणि आरोग्य सेविका यांना एका दुपारी एकत्र बसवून प्रत्येक नावापुढे पाड्याचे नाव लिहून घ्यावे. एका वहीत बाळाचे घरचे नाव, दुसरीत नुसते ‘बाळ’ आणि आईचे नाव, असे हमखास आढळते. तेव्हा जुळणी बाळाच्या नावावरून न करता आईचे नाव आणि जन्मतारीख यांवरून करावी. माहेरी बाळंत झालेल्या स्त्रिया सासरच्या वहीतून सुटतात, त्यांची चौकशी वेगळी करावी.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. वर्षाला आठ जन्म होणाऱ्या पाड्याचा मृत्युदर काढणे निरर्थक आहे, कारण एकाच मृत्यूने तो आकाशाला भिडतो. अशा ठिकाणी टक्केवारी आणि दर यांच्या नादी न लागता दोनतीन वर्षांची मोजणी एकत्र करावी आणि प्रत्येक घटनेचा क्रम लिहावा: कळा केव्हा सुरू झाल्या, कोणाला फोन लागला, १०२ किंवा १०८ ची गाडी कुठपर्यंत आली, तिथपर्यंत बाईला कशात घालून नेले. डोलीतून नेले, हे कोणत्याही छापील तक्त्यात येत नाही, आणि निर्णय फिरवणारी माहिती बहुतेक वेळा तीच असते.

मोजणी लोकांच्या हाती असली की काय घडते, याचे उदाहरण गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने जन्म-मृत्यूंची काटेकोर गावनिहाय नोंद ठेवली आणि गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले. नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाला, आणि आज आशाताई करतात त्या गृहभेटींचे मूळ त्या कामात आहे. दुसरे उदाहरण लोकाधारित देखरेखीचे: २००७ पासून राज्यातील पाच जिल्ह्यांत गावकऱ्यांनी आरोग्यसेवांना हिरवा, पिवळा आणि लाल असे रंग देऊन गावाचे प्रगतिपत्रक बनवले आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडले. अक्षरओळख नसलेल्यांनाही रंग वाचता येतात, म्हणून कोणत्या पाड्यात कोणती सेवा कशी पोहोचते, हे दाखवणारा पाड्यांचा तक्ता याच पद्धतीने करावा.

या कामात सर्वाधिक जपावे लागते ते आशाताईंना. लाल रंग दिसला म्हणून तिलाच धारेवर धरले, तर पुढच्या वर्षी घरची बाळंतपणे वहीतून नाहीशी होतात, प्रत्यक्षात होतच राहतात. लाल रंगासाठी आशाताईंना दोष दिला जाणार नाही, हे पहिल्याच बैठकीत सरपंचांनी आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांनी स्वतःच्या तोंडाने स्पष्ट करावे. तक्त्यावर नावे लिहू नयेत, आणि पंधरा घरांच्या पाड्यात नाव न घेताही माणूस ओळखू येतो, हेही ध्यानात ठेवावे.

मग प्रश्न पैशांचा. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचा अबंध (ठरावीक कामाला न बांधलेला) निधी तुटपुंजा असतो. वजनकाटा दुरुस्त करणे किंवा गाडीभाडे देणे एवढ्यापुरता तो उपयोगी पडतो. पेसा (अनुसूचित आदिवासी क्षेत्रांतील पंचायतींचा कायदा) लागू असलेल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतून मिळणारा पाच टक्के अबंध निधी मात्र आरोग्य व स्वच्छतेवरही खर्च करता येतो, आणि तो कोणत्या पाड्यावर खर्चायचा हे ग्रामसभेत ठरते. पाड्यांचा तक्ता तिथेच, विकास आराखडा तयार होण्यापूर्वी मांडावा; आराखडा मंजूर झाल्यावर मांडलेला तक्ता नुसता भिंतीवर राहतो. अडचण रस्त्याची असेल आणि मध्ये वनजमीन असेल, तर वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) नुसार रस्ता, अंगणवाडी, दवाखाना अशा कामांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने मिळू शकते. ही तरतूद अनेक ग्रामसभांना ठाऊकच नसते.

दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर किंवा ऊसतोडीला जाणारी कुटुंबे ‘स्थलांतरित’ असा शेरा पडताच हिशेबातून निघून जातात, वास्तविक सर्वाधिक धोका त्यांनाच असतो. निघण्यापूर्वीच्या आठवड्यात गरोदर स्त्रिया आणि सहा वर्षांखालील मुले यांची यादी करून माता-बाल संरक्षण कार्ड त्यांच्या सोबत द्यावे, मुकादमाचा फोन नंबर लिहून घ्यावा आणि जिथे जाणार तिथल्या आरोग्य केंद्राला यादी कळवावी. होळीला किंवा हंगाम संपल्यावर माणसे परततील तेव्हा याच यादीवरून मुलांची वजने पुन्हा घ्यावीत.

सहा महिन्यांनी तक्त्यातल्या त्याच बाबींचे मोजके प्रश्न त्याच पाड्यांत पुन्हा विचारावेत, शक्यतो दुसऱ्या पाड्यातील माणसांकडून. आणि उत्तरे ग्रामपंचायतीत नेण्याआधी ज्या पाड्याची आहेत तिथे वाचून दाखवावीत, म्हणजे चुकलेले तिथल्या तिथे दुरुस्त होते.